म्हातारी का हसली?

बाईंनी दोन खुर्च्या ओढून टेबलासमोर ठेवल्या आणि तिसरी हातात धरून त्या घुटमळल्या. मुलगी आईवडिलांच्या शेजारी बसली, तर त्यांना तिचे हात नीट दिसणार नव्हते.

"मी इथे उभी राहते, बाई," मुलगी म्हणाली आणि बाईंच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

एवढं सलग वाक्य बाईंनी वर्षभरात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वर्गात ती इतकी मुकाट बसे, की पोरांनी तिचं नावच 'गप्पी' पाडलं होतं. वडील पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, आई लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला. दोघंही जन्मापासून बहिरी. घरात ऐकू येणारी ही एकटीच.

सकाळी गणिताचे सर बाईंना म्हणाले होते, "मुलीलाच मध्ये घालताय? ती स्वतःची तक्रार सांगेल थोडीच! साखर लावून सांगेल सगळं."

बाईंनाही तसंच वाटत होतं. पण खुणांची भाषा येणारं दुसरं होतं कोण? आणि गोष्ट सांगणं तर भाग होतं. सहावीत मुलांच्या गुणांप्रमाणे चार तुकड्या व्हायच्या. 'ड' तुकडीला प्रयोगशाळा नाही, वाचनालयाचा तास नाही, शिक्षक कुणी मोकळा असेल तो. त्या तुकडीतून वर आलेलं मूल बाईंनी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिथे पाठवायच्या मुलांच्या पालकांना आधी बोलावून सांगायचं, एवढी माणुसकी शाळा पाळत होती.

बाईंनी घसा साफ केला. "मला वाटतं, ही मुलगी भाषेत फार कच्ची आहे."

मुलीचे हात हलले. 'मला' म्हणताना तिने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मग 'ही मुलगी' म्हणताना किंचित बाजूला सरकली आणि स्वतः आत्ता उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं, जणू तिथे दुसरीच कुणी उभी आहे.

"तिला साधं वाक्यही धड लिहिता येत नाही. 'ड' तुकडीत तिला झेपेल."

या वेळी हात जरा थांबले. बाईंना वाटलं, आता गाळणार. पण ते पुन्हा सुरू झाले, आणि वडिलांचा चेहरा बाईंच्या डोळ्यांदेखत उतरला. एक शब्दही गाळलेला नव्हता.

वडिलांनी काहीतरी विचारलं. त्यांच्या बोटांना वाळलेली खळ चिकटलेली होती.

"मी रोज हिची वही बघतो," मुलगी म्हणाली. हा 'मी' म्हणजे वडील, हे कळायला बाईंना एक क्षण लागला. "चूक कुठे आहे, ते मला दाखवा."

बाईंनी उत्तरपत्रिका काढून समोर ठेवली. उताऱ्यावरच्या प्रश्नांना वीसपैकी चार गुण. वडिलांनी ती दोन्ही हातांनी उचलली, आणि आईने मुलीकडे वळून पटकन काही खुणा केल्या.

"आई विचारतेय, उतारा कसला होता? सांगू का, बाई?"

"सांग."

मुलगी दोन पावलं मागे सरली. आधी तिने तळहात आडवा फिरवला, आणि टेबल आणि खिडकीच्या मधून नदी वाहू लागली. अलीकडे एक पोस्टमन उभा केला. पलीकडे, खिडकीपाशी, म्हातारी ठेवली. मग दोन्ही हातांनी बांधलेला पूल एका झटक्यात मोडून टाकला. पोस्टमनने पत्र फोडलं, ओरडून वाचायला घेतलं. वारा आला, त्याने शब्द पोस्टमनच्या तोंडापासून उचलून कुठच्या कुठे नेले. म्हातारीने कानामागे हात धरला. काही नाही. पोस्टमन मात्र वाचतच राहिला, आणि वाचता वाचता त्याची मान कलली, खांदे सैल पडले, ओठांच्या कोपऱ्यात एक खट्याळ हसू आलं. तो पोस्टमन राहिलाच नाही. तो पत्र लिहिणारा, म्हातारीचा मुलगा झाला. पलीकडून म्हातारीने त्याला ओळखलं आणि ती हसली.

आई खळाळून हसली. मोठ्याने, अगदी बेधडक. वडिलांनी डोळे पुसले. आपली वेळ येण्याची वाट बघणारे पालक दारात येऊन उभे राहिले होते.

बाईंनी वडिलांच्या हातातली उत्तरपत्रिका हळूच मागून घेतली. प्रश्न होता: म्हातारी का हसली? अपेक्षित उत्तर: पत्र आल्याच्या आनंदाने. मुलीने लिहिलं होतं: 'नदी. इकडे पोस्टमन, तिकडे म्हातारी. पूल नाही. ऐकू नाही. पोस्टमन तोंड मुलगा तोंड झालं.'

त्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली होती. शेजारी शून्य.

आता त्या ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, आत्ता पाहिलेल्या हातांच्या क्रमाने. एकही शब्द जागा सोडून नव्हता. हा उतारा बाई अकरा वर्षं शिकवत होत्या. पोस्टमनचा चेहरा बदलतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"बाई, माझं काही चुकलं का सांगताना?" मुलीने विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या.

त्यांनी पेन उचललं. तुकडीच्या कागदावर मुलीच्या नावापुढचा 'ड' खोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हिचा पेपर मी नीट वाचला नव्हता. पुन्हा तपासत आहे.' खाली सही केली. मुख्याध्यापक काय म्हणतील, हे त्यांना साधारण ठाऊक होतं.

"काय लिहिलं, ते यांना सांग," त्या म्हणाल्या.

मुलीने वाचलं. तिचे हात वर आले. पण 'मी' म्हणताना बोट छातीकडे न जाता, अंमळ संकोचून, बाईंकडे वळलं. बाईंनी मान डोलावली: हो, मीच.

तिघं गेल्यावर दारात थांबलेल्यांपैकी एक आजी नातवाचा हात धरून आत आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ठाऊक आहे, बाई. पोरगं ढ आहे आमचं."

बाईंनी समोरचा गुणांचा कागद पालथा ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, आजी. घरी तुम्ही दोघं कशाबद्दल बोलता, ते आधी सांगा मला."