नर्मदेचे खिळे

वामनमिस्त्रींची पडवी आवरायला घ्यायची म्हणजे माणूस एक तर वेडा हवा, नाहीतर घरात नवा हवा. पुष्पलता नवी होती. माकुणसारहून लग्न होऊन सातपाटीला आली त्याला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्याआधी तीन वर्षं ती बोईसरच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची. तिथे साधा वॉशर इकडचा तिकडे झाला तरी चिठ्ठी लिहावी लागे. सासऱ्यांची पडवी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बिचारीला घामच फुटला होता.

काय नव्हतं त्या पडवीत! मिस्त्री बोटी बांधायचे, मोडायचे, डागडुजी करायचे. चाळीस वर्षांचे खिळे, बोल्ट, नट, कड्या, बिजागऱ्या तिथे येऊन राहिल्या होत्या. डालड्याच्या डब्यांत खिळे, करवंट्यांत खिळे, एका जुन्या बुटातसुद्धा खिळे. पाय टाकाल तिथे काहीतरी टोचणार. पण मिस्त्रींना मात्र न बघता हवं ते सापडायचं. ‘हात लावू नका’ असं ते कधी बोलले नव्हते, कारण हात लावायची कुणाची छातीच झाली नव्हती.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. “सगळं जग ताकात बुडवल्यासारखं दिसते,” म्हणायचे. दोन वर्षं ताकातच काढली म्हाताऱ्यानं. शेवटी आषाढात, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, मुलगा कमलाकांत कारखान्यातून रजा काढून त्यांना पालघरला ऑपरेशनला घेऊन गेला. घरात पुष्पलता एकटी उरली, आणि तिच्या मनात आलं, बाबांची पट्टी सुटेल, ते घरी येतील, तेव्हा त्यांना स्वच्छ, लख्ख पडवी दिसली पाहिजे. अहो, मायेनंच केलं तिनं सगळं. ते आधी सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही तिला बोल लावाल.

सहा दिवस ती राबली. इंच इंच मोजून खिळे वेगळे केले. दीड इंची, दोन इंची, तीन इंची. काचेच्या बरण्या घासून आणल्या, त्यांवर कागद चिकटवून सुरेख अक्षरात मापं लिहिली. कोपऱ्यातल्या फुटक्या हंडीत नुसते वाकडे, गंजून लाल झालेले खिळे होते. ते कसले कामाचे! दारावर बोईसरचा सायकलवाला भंगारवाला आला, त्याला हंडीसकट देऊन टाकले आणि बदल्यात एक लालभडक प्लॅस्टिकची बादली घेतली. सौदा चांगला झाला म्हणून दिवसभर स्वारी खूश.

आठव्या दिवशी मिस्त्री आले. डोळ्यांवर बरणीच्या बुडासारखा जाड चष्मा. अंगणातच थबकले.

“पुष्पे, ती बादली लाल हाय?”

“लाल हाय, बाबा.”

“लाल!” म्हाताऱ्याला हसू आवरेना. “दोन वर्सांत लाल बघितला नव्हता गो मी.” वाकायचं नाही, हातोडी उचलायची नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं, म्हणून कमलाकांतनं बादली वर उचलून त्यांना दाखवली. त्यांनी ती सगळीकडून कुरवाळली.

मग ते पडवीत गेले. बरण्यांच्या रांगांसमोर बराच वेळ उभे राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“कोपऱ्यात हंडी होती,” ते म्हणाले. “‘नर्मदा’चे खिळे होते त्यात.”

सातपाटीची रीत पुष्पलताला ऐकून ठाऊक होती, पण ती रीत आपल्याच पडवीत डबे भरून बसली आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरची जुनी बोट मोडली की मिस्त्री तिचे खिळे काढून ठेवायचे. त्या घरची नवी बोट झाली की जुनीचा एक खिळा नवीच्या नाळेत, अगदी पुढच्या टोकाला, ठोकायचा. तो ठोकल्याशिवाय बोट पाण्यात जात नसे. जुनी नवीला घरची वाट दाखवते म्हणायचे. प्रत्येक डबा एकेका बोटीचा होता, आणि कुठला कुणाचा ते फक्त मिस्त्रींना ठाऊक.

‘नर्मदा’ ही दोन घरं सोडून राहणाऱ्या जमनाकाकीच्या नवऱ्याची, चिंतूची बोट. चिंतू तापानं गेला, बोट किनाऱ्यावर कुजली, मोडावी लागली. आठ वर्षं सुकी मच्छी विकून काकीनं मुलासाठी, जिवल्यासाठी, नवी बोट उभी केली होती. रंगसुद्धा लागला होता. नाळेत एकच भोक चिंधी कोंबून ठेवलेलं, चिंतूच्या बोटीच्या खिळ्यासाठी. आणि नारळी पुनव नऊ दिवसांवर.

“मिसळले असतील बरण्यांत,” पुष्पलता म्हणाली. भंगारवाल्याचं नाव तिच्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री पडवीत खुर्चीवर बसले. खाली शिडाचं कापड अंथरून पुष्पलतानं बरण्या ओतल्या आणि एकेक खिळा त्यांच्या तळहातावर ठेवू लागली. चष्म्यानं भोवळ येते म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते. अंगठा फिरवायचे, नाकाशी न्यायचे, कधी जिभेलाही लावायचे.

“ही ‘दर्यादौलत’. माथा चौकोनी, तुझ्या माकुणसारच्या लोहाराचा हात तो. ही ‘जीवनज्योत’. वादळात तीन दिवस गेली होती, परत आली ती अख्खी सुरमईनं भरूनच. आमी रडत होतो, नि ते मेले हसत उतरले.”

घरामागे भरती चढत होती. माडांतून वारा येत होता. ऐकता ऐकता पुष्पलताला पडवी हलल्यासारखी वाटू लागली. तिनं झाडून काढलेल्या जमिनीवर एकेक बोट शिड उतरवून येत होती, शेजारणीला खेटून उभी राहत होती. कुणाच्या तरी हाका ऐकू येत होत्या. डांबराचा वास येत होता. दोन दुपारी अशा गेल्या. आपण काय करून बसलोय ते ती मधूनमधून विसरायची, आणि आठवलं की हात थांबायचा. मग मिस्त्री रिकामा तळहात पुढे करून म्हणायचे, “दे.”

बावीस बोटी परत लागल्या. ‘नर्मदा’ आली नाही.

तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसनं बोईसरला गेली. भंगारवाला सापडला, पण त्याचा माल केव्हाच ट्रकमध्ये भरून भट्टीला गेला होता. “वो तो गल गया होगा, बहनजी,” तो म्हणाला. ती घरी आली, बादली उचलली, मिस्त्रींचा हात धरला आणि थेट जमनाकाकीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. काकी बोंबील वाळत घालत होती.

“काकी, ‘नर्मदा’चे खिळे मी भंगारात घातले,” पुष्पलता म्हणाली. “बाबांचा दोष नाय. मलाच अक्कल नव्हती.” आणि जी रडायला लागली ती थांबेचना.

काकीच्या हातातला बोंबील तसाच राहिला. मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, “काय दिलं त्यानं बदल्यात?”

“ही बादली.”

“एवढीशी?” काकीनं बादली हातात घेतली, उलटीसुलटी केली. “माझ्या घोवाची अख्खी बोट, नि एवढीशी बादली? तुला ठकवलं गो मेल्यानं!” हसायला गेली आणि पदर तोंडाला लावून तीही रडली. डोळे पुसून म्हणाली, “पण मग ही माझी. ‘नर्मदा’चं जे हाय ते माझ्या घरचं. बोटीतलं पाणी उपसायला होईल जिवल्याला.”

मिस्त्रींनी बादलीच्या कडीवर अंगठा फिरवला. जाड लोखंडी तार होती.

“ही कडीपण ‘नर्मदा’चीच की मग,” ते हळूच म्हणाले.

काकीनं त्यांच्याकडे बघितलं. “चालेल, वामनदादा?”

“दोन घड्या घालून ठोकली तर खिळा होईल. पण मला हातोडी उचलायची नाय.” त्यांनी चष्म्यातून सुनेकडे पाहिलं. “हिनं हरवला. हीच घडवेल.”

पुष्पलतानं आजवर हातोड्या मोजल्या होत्या, एक मारली नव्हती. मिस्त्री खुर्चीवरून सांगत होते, “आता मार. आता थांब, थंड झालं, परत घाल निखाऱ्यात.” पहिला खिळा वाकला, दुसरा फाटला. हाताला फोड आले. तिसरा त्यांनी तळहातावर घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

“‘नर्मदा’,” ते म्हणाले.

उरलेला तारेचा तुकडा एका बरणीत टाकला. बरण्यांवरची मापं तिनं खरवडून काढली होती. आता तिथे बोटींची नावं होती, आणि या बरणीवर तिनं दुखऱ्या बोटांनी शेवटचं नाव लिहिलं.

पुनवेला नारळ वाहून बोटी निघाल्या. जिवल्याच्या बोटीच्या नाळेत खिळा होता आणि मागे, दोरीची कडी लावलेली लाल बादली टांगलेली होती. बँडवाले गेले, बायका परतल्या, जमनाकाकीसुद्धा डोळे टिपत घराकडे वळली. मिस्त्री वाळूत उभेच.

“बाबा, चला. ऊन लागेल.”

“थांब गो. लाल दिसते अजून.”

पुष्पलतानं कपाळावर हात धरून समुद्राकडे पाहिलं. तिच्या तरण्या डोळ्यांना कधीपासून नुसतं पाणी दिसत होतं.

“दिसते, बाबा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.