ओल्या पाटीचा रंग

फाटकाचा खांब त्याच्या जागेवरच होता, हे मी कबूल करते. पिकअप मागे घेत होते ती मी, आणि आरशात बघायचं सोडून समोरच्या खिडकीतले नवे पडदे कुणी शिवले असतील ते बघत होते तीही मीच. कर्रर्र आवाज झाला. उतरून बघते तर हौद्याचा मागचा कोपरा चेपलेला आणि वीतभर रंग खांबाने ठेवून घेतलेला.

गाडी मी बासष्टाव्या वर्षी शिकले. जन्म गेला पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवण्यात. माल पोचवायला दर वेळी मुलाच्या मिनतवाऱ्या कोण करणार? चिरंजीवांनी तेव्हाच बजावलं होतं, "आई, गाडीला एक जरी ओरखडा दिसला, तर किल्ली माझ्या खिशात." आता स्वारी बाहेरगावी होती आणि परवा दुपारी उगवणार होती. किल्ली गेली की मी पुन्हा "येतोस का रे जरा सोडायला" करत त्याच्या मागे फिरायचं. त्यापेक्षा मी सोफा डोक्यावरून नेला असता.

सून धावत बाहेर आली. तिने कोपरा बघितला, मग मला बघितलं.

"आई, लागलं का कुठे?"

"मला काय लागतंय? खांबाला विचार."

हसली. पोरगी माझ्या बाजूची आहे, म्हणून तर मी तिला कधी चांगली म्हणत नाही, शेफारेल.

पत्रा सरळ करणाऱ्याने दुपारपर्यंत पोचा काढला, पुट्टी भरून घासून दिली. खरी फजिती रंगाची. आमच्या गाडीचा रंग म्हणजे ओल्या पाटीसारखा, आत बारीक चंदेरी कणी. रंगाच्या दुकानात मी एवढंच सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, पाटी-बिटी राहू द्या. कोड सांगा. दाराच्या आत पट्टी असते, त्यावर लिहिलेला असतो."

पट्टीवरची ती इंग्रजी अक्षरं माझ्या बापानेही वाचली नव्हती. सुनेने दार उघडून वाचली. त्याने कॉम्प्युटरमध्ये घातली, थेंब-थेंब मोजून डबा तयार केला आणि एका पत्र्याच्या तुकड्यावर रंग फवारून तो तुकडा वाळवून दिला.

"घ्या. कंपनीचा रंग, अगदी बरोबर."

मी तुकडा उन्हात नेऊन गाडीला लावला. "हा काळा पडलाय."

"तुमची गाडी उन्हाने विटलीय, मावशी."

"मग विटलेली पुसा आणि बघा!"

त्याने हौद्यावर हातभर जागा पॉलिशने घासली. गाडी उजळली, पण तुकडा काळा तो काळाच. तेव्हा त्याने थोड्या रंगात चंदेरी वाढवून दुसरा तुकडा केला. समोरून बघितलं तर जुळा भाऊ. मी दोन पावलं बाजूला सरकले, तर पांढराफटक.

"कोण बाजूने बघतंय हो?" तो वैतागला.

"माझा मुलगा बघतो. त्याला सरळ बघायची सवयच नाही."

आणि तिथेच माझ्या डोक्यात लखकन् उजेड पडला. एकदा मी मखमलीची सहा कव्हरं शिवली होती. कापड एक, ताका एक, पण एका कव्हराची लव उलटी बसली होती. गिऱ्हाईक म्हणालं, हे वेगळ्याच रंगाचं आहे. रंग तोच होता. अंगावरचे केस उलटे झोपले होते.

"अहो, तुमची ही कणी कशी झोपते?" मी विचारलं.

"काय?"

"रंग ओला जाड बसला, की कणी खाली बुडत असेल ना? म्हणून काळा दिसतोय. तुमचा पहिला डबाच खरा. रंग बदलू नका, हात बदला. लांबून, पातळ मारा."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू शिलाई मशीनच बोललं. कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, तीस वर्षं मी हे काम करतोय."

"मी चाळीस वर्षं करतेय. मारा."

पहिल्या डब्यातला रंग त्याने आणखी वीतभर लांबून, हलक्या हाताने मारला. वाळल्यावर वर चकाकी दिली. सुनेने तुकडा गाडीला लावला, आणि आम्ही तिघेही कडा शोधत बसलो. दुकानदाराने आतून माझ्यासाठी खुर्ची आणली. संध्याकाळपर्यंत कोपराही रंगवून दिला.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव आले. गाडीशेजारून गेले, आत आले, चहा प्यायले. कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सून डोळ्यांनी सांगत होती, आई, गप्प बसा. पण एवढं सुबक काम कुणी बघायचंच नाही? माझ्या पोटात राहीना.

"मी गाडी ठोकली," मी म्हटलं. सुनेने कपाळाला हात लावला. "कुठे ते शोध. सापडलं तर किल्ली तुझी."

तो ताडकन् उठला. पुढून बघितलं, मागून बघितलं, हौद्यावर बोटं फिरवली, अगदी त्या कोपऱ्यावरूनही. वाकला, बाजूने बघितलं. मी म्हटलंच होतं.

"थट्टा करतेस तू," तो शेवटी म्हणाला.

"भिंतीकडची बाजू राहिली की."

"तिकडे काय बघायचं! तिकडे भिंत आहे."

तो इतक्या घाईने बोलला, की मीच भिंतीच्या आणि गाडीच्या मध्ये शिरले. पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर हातभर पट्टा. काळाकुट्ट. कोडप्रमाणे बरोबर, पण ओला जाड मारलेला. गेले दोन महिने हा पठ्ठ्या गाडी भिंतीला चिकटवून लावतो, मलाही तशीच लावायला सांगतो, आणि मला वाटायचं, आईला चढायला जागा ठेवतोय!

"हे कधीचं रे?"

त्याचे कान लाल झाले. सून एवढी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं.

"आई," तो म्हणाला, "तुझा तो रंगवाला कुठे बसतो?"

"उद्या दहाला नेते तुला," मी म्हटलं. "तू शेजारी बस. आणि वाटेत मला गाडी शिकवायची नाही."