अंतर्नाथ महाराजांची दृष्टी आणि चिमाजींचा रुमाल

पंचवटीतल्या त्या दुमजली इमारतीसमोर गुरुवारी चपलांचा असा ढीग पडायचा, की आपलीच जोडी परत मिळाली तर तो पहिला चमत्कार मानावा. खाली ज्ञानेशचं सायबर कॅफे, वर त्याच्या मामांचा, म्हणजे अंतर्नाथ महाराजांचा दरबार. नाशकात तेव्हा इंटरनेट नुकतं रुळत होतं. ज्याला ईमेल पाहायचा तो खाली यायचा आणि ज्याला त्या ईमेलची धास्ती असायची तो वर जायचा.

महाराजांची ख्याती अशी, की तुमचा ईमेल तुम्ही उघडण्याआधी ते सांगायचे.

"दुनिया कागज पे डाक पढती है," डोळे मिटून ते म्हणायचे, "हम आकाश में पढते हैं. थांब बच्चा." मग आतल्या ध्यानाच्या खोलीत जाऊन यायचे, कारण आकाशातली डाक म्हणे तिथंच उतरायची. "तुझ्या मुलाला बंगलोरला नोकरी लागली. जा, खाली बघ." माणूस धडधडत्या छातीनं खाली जाई आणि रडतच वर येई. शंख वाजे, पेढे फिरत.

रूपाली दाराशी उभी राहून हे बघत होती. एरवी ती पोट धरून हसली असती. पण आज महाराजांचं बोट तिच्याकडे होतं.

मनमाडच्या रेल्वेवाल्याची ही लेक लग्न होऊन मखमलाबादच्या मळेकऱ्यांत आली, ती कॉम्प्युटरचा कोर्स करून. सासरे चिमाजी आणि शिवारातले फूलवाले यांच्या गटासाठी तिनं वेबसाइट काढली. मुंबईच्या एका कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चाळीत अनेक बिऱ्हाडं राहावीत तशी, अनेकांची खाती भाड्यानं राहत. त्यात एक गटाचं होतं आणि त्यातच गटाची टपालपेटी. दुबईच्या एका व्यापाऱ्याला ती ज्ञानेशच्या कॅफेतून गुलाबाचे भाव कळवायची. यंदा मात्र तिनं भाव कळवला रे कळवला, की कुणीतरी त्याच्या किंचित खालचा भाव दुबईला द्यायचं. गटाचा गुलाब मळ्यातच सुकायला लागला.

चिमाजींनी महाराजांना गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी भर दरबारात निकाल दिला, "घर का भेदी! जिच्या हाती कुंजी, तिच्याच हाती सुरी. बहूकडून पासवर्ड काढून घे आणि इथं चरणांवर ठेव."

कुंजी एकट्या रूपालीच्या हाती होती.

घरी आल्यावर सासू कुसाबाईंनी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि पाठ फिरवून त्या चुलीकडं वळल्या. नवरा भारत भाकरी मोडत खाली बघत राहिला. रूपालीला ते फार लागलं.

"मी काय तुला चोर म्हनत नाय, पोरी," चिमाजी म्हणाले. "पन तू उघडायच्या आधी बाबांना दुबईवाल्याचा शबूद न् शबूद ठाऊक असतो. ते खरं, मग हे तेवढं खोटं कसं म्हनू?"

प्रश्न बिनतोड होता, आणि रूपालीला तो आवडलाही. महाराजांना मेल कळतो हे खरंच होतं. म्हणजे तो कुठून तरी कळत होता. तिनं मुंबईच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसानं पहिलंच विचारलं, "सुरक्षित लॉगिन लावलंय ना, मॅडम?" मेलच्या सेटिंगमधला तो छोटा चौकोन तिनं रिकामाच ठेवला होता.

ती सासऱ्यांपाशी जाऊन बसली. "मामा, घोटीच्या बाजारात तुम्ही बैल कसा घेता?"

"कसा म्हंजे? रुमालाखाली बोटं धरून."

"तोंडानं का नाही बोलत?"

"येडी का काय! शेजारचा ऐकंल, अन् चार पैसे वर टाकून दावं सोडून नेईल की!"

"दुबईशी आपण तोंडानं बोलत होतो, मामा. भरबाजारात. कॅफेतल्या सगळ्या तारा एका डबीत जमतात. माझा पासवर्ड, माझा भाव, सगळं तिथून उघडं जातं. कुणी कान लावून बसलं, की मिळालं."

चिमाजींनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर घेतला. "मग ह्याला रुमाल नसतो व्हय?"

"असतो. एका चौकोनात टीक केली, की सगळं गुप्त लिपीत जातं. ऐकणाऱ्याच्या हाती नुसता पालापाचोळा."

"दाखव," चिमाजी म्हणाले.

रूपालीनं आधी मुख्य खात्याचा पासवर्ड बदलला, तोही कुलपाचं चित्र दिसणाऱ्या सुरक्षित पानावरून. मग दोन नव्या पेट्या काढल्या, एक चिमाजींची, एक कुसाबाईंची. पत्रं मनमाडहून तिच्या भावानं आपल्या घरून धाडली. पहिलं रूपालीनं रचलं होतं. दुसरं चिमाजींनी फोनवर त्याच्याकडून लिहून घेतलं आणि सुनेला बजावलं, "पेटी उघड, पन वाचायचं नाय." कॅफे तेच, खुर्ची तीच. चिमाजींची पेटी तिनं उघडी चालवली, कुसाबाईंची टीक करून. फरक फक्त रुमालाचा.

गुरुवारी चिमाजी दरबारात हात जोडून उभे राहिले. "बाबा, माझ्या पेटीत काय आलं?"

महाराज आत जाऊन आले. चेहऱ्यावर तेज होतं. "उंट! दुबईच्या शेखच्या लाडक्या उंटाचं लग्न आहे. नवरदेवाच्या कपाळाला पुरेल अशी झेंडूची मुंडावळ मागितली आहे!"

दरबार सद्गदित झाला. कुणीतरी उंटाचाही जयजयकार केला.

"बराबर," चिमाजी गंभीरपणे म्हणाले. "आता आमच्या कुसाच्या पेटीतलं सांगा."

महाराज आत गेले ते येईनात. आतून खोकल्याचे आवाज आले. शेवटी घाम पुसत बाहेर आले. "आज आकाश में धुंद है. शिवाय हम स्त्रियों की डाक नहीं पढते."

"मागच्या गुरुवारी झुंबरबाईंची तर वाचली!" रूपाली म्हणाली, आणि कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं.

चिमाजींनी रुमाल हातात धरला. "लोकहो, उंटाचं लगीन माझ्या सुनेनं लावलंय. दोनी पत्रं आमचीच. एका पेटीवर रुमाल टाकला, दुसरी उघडी ठेवली. बाबा, हा कसला देव, रुमाल टाकला की ज्याला दिसंना?"

"माझं पत्र मलाच बघू द्या!" म्हणत कुसाबाई उठल्या आणि कुणी अडवायच्या आत ध्यानाच्या खोलीचा पडदा त्यांनी बाजूला केला. आत कॉम्प्युटर होता. त्याला हार होता, हळदकुंकू होतं, आणि मागून निघालेली निळी तार खिडकीतून खाली कॅफेत उतरत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या पत्रात उंट अजून बोहल्यावर चढलेलाच होता.

ज्ञानेशला वर आणलं तेव्हा त्यानं फार ताणलं नाही. तारेवरून जाणारे पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम, त्यातून उघडलेल्या पेट्या, सगळं सांगितलं. रूपालीचे भाव पहिल्या रांगेतल्या एका फूलव्यापारी भक्ताला मिळत. तो आपल्या चपला न शोधताच गेला होता. पडद्यावर दरबारातल्या कितीजणांची पत्रं ओळीनं लागलेली होती. लोक वाचायला पुढं सरसावले, तशी रूपालीनं बटण बंद केलं.

"ज्याची त्यानं वाचावीत," ती म्हणाली. "पासवर्ड बदला, पान उघडताना कुलूप बघा. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की हे कळलं कुठून? खरं असेल ते विचारल्यानं विटत नाही."

खाली उतरल्यावर कुसाबाईंनी आपली पेटी उघडायला लावली. चिमाजी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. रूपालीनं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं.

"कुसा, आपल्या घरचं मानूस आपन बाबाला इचारून तोललं. आधी तिलाच इचारायचं होतं. बाबा खरा निघो का खोटा, कुंजी रूपालीच्याच हाती ऱ्हाईल."

पुढचं तिला वाचता येईना. कुसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. चिमाजींनी मान न वळवता आपला रुमाल मागं तिच्याकडं धरला आणि रूपालीनं त्याला डोळे पुसले.