बोंबील पेटीत मावले नाहीत

सबॅस्टियनने आधी न्हाणीघराचं दार लावलं, मग नळ सोडला, आणि पाण्याचा आवाज मनासारखा झाल्यावरच मोबाईल कानाला लावला.

"बोल, मार्था. पण हळू."

"हळूच बोलतेय. तुझ्याकडे एवढं पाणी कसलं वाजतंय? पूर आलाय की काय?"

"तुलाही सांगितलंय ना, बोलताना नळ सोडायचा म्हणून? ते जाऊ दे. पोरगी वेळेवर निघाली ना?"

"निघाली. विमानात बसल्यावर फोन आला होता. आता उतरायलासुद्धा आलं असेल." वसईहून बहिणीचा आवाज जरा घुटमळला. "पण ऐक बस्त्याव, एक झालंय. बोंबील पेटीत मावले नाहीत."

सबॅस्टियनने नळ आणखी मोठा केला.

"मग?"

"मग काय, हातातल्या बॅगेत कोंबले. तळाला, तिच्या जॅकेटखाली. ती नको नको म्हणत होती, म्हणून मी तिला सांगितलंच नाही. गुपचूप घातले आणि चेन ओढली. तू विमानतळावर गेलास की—"

फोन तुटला. सबॅस्टियन बादलीच्या काठावर बसला आणि बादली त्याच्यासकट कलंडली.

आता हे बोंबील म्हणजे काय, ते सांगायला हवं. मार्थाची मुलगी रिबेका पिस्तुलाने नेमबाजी करायची. खेळण्यातलं नव्हे, खऱ्या गोळीचं पिस्तूल. दोह्यात नेमबाजीची मोठी स्पर्धा होती आणि भारताच्या चमूत तिची निवड झाली होती. ही बातमी तिने मामाला फोनवर दिली तेव्हा मामा आनंदाने ओरडायच्या ऐवजी आधी खिडकी लावायला उठला होता.

"मामा, सगळं कायदेशीर असतं रे," ती हसून म्हणाली होती. "फेडरेशनने कतारचा परवाना काढलाय. पिस्तूल कुलपाच्या पेटीत, गोळ्या वेगळ्या, आणि दोन्ही विमानाच्या पोटात. विमानात माझ्या हातात काहीसुद्धा नसतं."

"असू दे, असू दे. पण फोनवर तो शब्द नको."

"कुठला? पिस्तूल?"

"अगं बाय, नको म्हणतोय ना!"

सबॅस्टियन अठरा वर्षं दोह्यात होता. मुशैरिबच्या एका कंपनीत एसीच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळायचा आणि फरीज बिन ओमरानमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचा. भिंतींना कान असतात म्हणतात. त्याच्या मते इथल्या भिंतींना कानही होते आणि तोंडही. आपण बरं आणि आपलं काम बरं, या एका मंत्रावर त्याने एवढी वर्षं काढली होती. टॅक्सीवाल्याशी कधी वाद नाही, चौकात कधी हॉर्न नाही. भारताने क्रिकेटचा सामना जिंकला तरी तो टाळ्या वाजवायचा त्या उशीवर.

तेव्हा पिस्तुलाला दुसरं नाव हवं होतं. कोणाला संशय येणार नाही असं, वसईच्या माणसाने वसईच्या माणसाला फोनवर सहज विचारावं असं. सबॅस्टियनने दोन दिवस डोकं खाजवलं आणि निवडलं, बोंबील. त्याला या शब्दाचा भारी अभिमान वाटला होता. तेव्हापासून बोंबिलाचा परवाना आला, बोंबील साफ करायला दिला, बोंबिलाचं कुलूप बदललं, असं सगळं निर्वेध चाललं होतं.

आणि आता बोंबील हातातल्या बॅगेत होता.

"बोंबील मावले नाहीत," असं म्हणाली ती. मावला नाही, असं नाही. घाबरलेल्या माणसाला व्याकरण फार सुचतं. अनेकवचन म्हणजे पिस्तूल आणि गोळ्या, दोन्ही! त्याने मार्थाला परत फोन लावला. बंद. लेकीच्या प्रवासासाठी मेणबत्ती लावायला ती चर्चमध्ये गेली असणार, आणि चर्चमध्ये मार्था फोन बंद ठेवते. बायकोला लावला. ग्लोरिया हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीवर असली की तिचा फोन कपाटात. तोही वाजवाजून थांबला.

तपासणीच्या मशीनमध्ये ते दिसलं नसतं का, हा विचार त्याच्याही डोक्यात आला. पण मार्थाचा काही भरवसा नव्हता. मागे ती दोह्याला आली होती तेव्हा वरवंटा पर्समधून घेऊन आली होती. इथल्या मिक्सरमध्ये वाटलेल्या मसाल्याला चव नसते, एवढंच तिचं म्हणणं होतं. तो वरवंटा कुठल्या मशीनमधून कसा सुटला, हे कोडं अजून कोणाला उलगडलं नव्हतं.

ओल्या पँटवरच त्याने गाडी काढली.

विमानतळावर शुक्रवारच्या सुट्टीची गर्दी होती. कोणी फुलं घेऊन उभं होतं, कोणी नावाची पाटी घेऊन. सबॅस्टियन फळ्यावरची विमानाची ओळ पाहत राहिला. अजून अर्धा तास होता. गप्प राहिलं तर? कदाचित कोणी बॅग उघडणारही नाही. पण उघडली तर? निळा कोट घालून, कॉलरवर तिरंगा लावून, हसत हसत पोरगी येणार आणि तिच्या जॅकेटखाली ते निघणार. आपल्या आईने काय घातलंय, हे तिला ठाऊकसुद्धा नाही. ती खरं सांगेल आणि कोणी ऐकणार नाही. उद्याची स्पर्धा तर जाईलच, पण पोरगी कुठल्या कोठडीत बसेल कुणास ठाऊक.

रिबेका लहान असताना सुट्टीत तो तिला खांद्यावर बसवून वसईच्या किल्ल्यात न्यायचा. तिथे ती चिंचा पाडायची, एका दगडात एक चिंच. "मामा, बघ!" म्हणून ओरडायची, आणि मामा इकडेतिकडे बघून म्हणायचा, हळू गं, राखणदार ऐकेल.

त्याने खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तपासणीच्या दाराशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे चालत गेला. अठरा वर्षांत तो आपणहून एकाही पोलिसाजवळ गेला नव्हता. 

"सर," तो हिंदीत म्हणाला, "मेरी भांजी आ रही है मुंबई से. उसके हाथ की बॅग में..."  फोनवरही न चालणारा तो शब्द त्याने उच्चारला. "पिस्तौल है."

अधिकारी कतारी होता, पिकल्या दाढीचा, आडव्या बांध्याचा. तो दचकला नाही. त्याने सबॅस्टियनला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ओल्या पँटवर नजर थोडी जास्त थांबली.

"किसने रखा?"

"मैंने," सबॅस्टियन म्हणाला. मग हे जमणार नाही हे त्याच्याच लक्षात आलं. "मतलब, मेरी गलती है, सर. बच्ची को कुछ मालूम नहीं. मेरे बोलने से हुआ सब. जो करना है मेरे को करो. उसको कल खेलने दो."

अधिकाऱ्याने वायरलेसवर अरबीत काहीतरी सांगितलं आणि त्याला आत एका खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. समोर करकचा, इथल्या दाट वेलचीच्या चहाचा, कप आला. अटकेत चहा देतात हे सबॅस्टियनला माहीत नव्हतं. पोलिसांचा चहा टाकायचा कसा, म्हणून तो पीत राहिला. व्हिसा जाईल. नोकरी जाईल. ग्लोरियाला काय सांगायचं? आणि या सगळ्याच्या तळाशी एक चमत्कारिक गोष्ट त्याला जाणवत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवर काही ओझं नव्हतं. बोलायचं ते बोलून झालं होतं.

दार उघडलं. निळ्या कोटातली रिबेका आत आली. मागे चमूची मॅनेजर होती आणि दोन पोलीस. एकाच्या हातात कुलूप लावलेली काळी पेटी होती, दुसऱ्याच्या हातात तिची बॅग.

"मामा? तू आत कसा?"

सबॅस्टियनने पेटीकडे पाहिलं. मग बॅगेकडे. मग पुन्हा पेटीकडे.

"त्यात काय आहे?"

"माझं पिस्तूल. आणखी काय असणार?"

"मग त्यात काय आहे?"

अधिकाऱ्याने बॅग टेबलावर ठेवली, चेन ओढली, जॅकेट बाजूला केलं आणि तळातून एक गाठोडं काढलं. वर सुतळी, आत प्लास्टिक, त्याच्या आत वर्तमानपत्र, आणि पुन्हा प्लास्टिक. शेवटचा पदर सुटला मात्र, खोलीत वास असा घुमला की मॅनेजरबाई थेट दाराबाहेर गेल्या.

सुके बोंबील. जाड जाड, पिवळसर, वसईच्या उन्हात कडकडीत वाळलेले.

"आईनं!" रिबेका किंचाळली. "मामीने मागवले होते. मी आईला चार वेळा सांगितलं, मी स्पर्धेला चाललेय, बाजाराला नाही!"

सबॅस्टियन उठून उभा राहिला होता, तो मटकन बसला. मार्थाने बोंबील म्हटलं होतं ते बोंबिलांनाच. जगातले सगळे शब्द सोडून त्याने नेमका तोच शब्द उचलला होता, जो त्याच्या घरात दर महिन्याला लागतो.

अधिकाऱ्याने एक बोंबील उचलला. उजेडात धरला. नाकाशी नेला. त्याचा चेहरा सावकाश बदलत गेला.

"मेरी दादी," तो म्हणाला, "वक्रा गाँव में. छत पर ऐसे ही सुखाती थी. दूसरी मछली, लेकिन बास यही." मग तो सबॅस्टियनकडे वळला, आणि आता त्याचं पोट हलायला लागलं होतं. "बीस साल से इधर बैठा हूँ. सब लोग बोलता है मछली है, अंदर से कुछ और निकलता है. तू पहला आदमी, बोला पिस्तौल, निकला मछली!"

तो हसला, पोलीस हसले, मॅनेजरबाई नाकाला पदर लावून दारातून हसल्या. सबॅस्टियनने निम्मे बोंबील वर्तमानपत्रात बांधून अधिकाऱ्यापुढे धरले. नको, नको म्हणत त्याने दोनच घेतले आणि खिशाला पेन लावावं तसे लावले.

"शुक्रन. नाम क्या इसका?"

"बोंबील."

"बुंबील," अधिकारी घोळवून म्हणाला. "यल्ला, खलास. जाओ."

पिस्तूल पोलिसांच्या गाडीतून रेंजच्या शस्त्रागारात गेलं. चमूच्या बसकडे चालताना रिबेका अचानक थांबली.

"ते साहेब मॅनेजरना सांगत होते, मामा. तू म्हणालास, चूक माझी, मला धरा."

"मग चूक माझीच होती. शब्द मीच शोधला होता."

रिबेकाने त्याला भर रस्त्यात मिठी मारली. त्याने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. लोक बघत होते. बघू देत, असं त्याला वाटलं, आणि त्यानेही तिला घट्ट जवळ घेतलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी रिबेका तिसरी आली. शेवटच्या फेरीपर्यंत ती चौथी होती. ग्लोरिया खाली तिच्याकडे धावली आणि सबॅस्टियन प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर उभा राहून वसईला फोन लावत होता. आजूबाजूला पांढऱ्या पायघोळ तोबातले कतारी होते, कोरियन होते, दोह्यातली निम्मी मराठी मंडळी होती. पलीकडे फोन उचलला गेला. मागे कसला तरी खळखळाट चालला होता.

"मार्था, ऐक—"

"हळू बोल!" मार्था कुजबुजली. "आसपास माणसं असतील. एवढंच सांग मला. बोंबील कसा चालला?"

सबॅस्टियनने खोल श्वास घेतला.

"पिस्तूल म्हण, मार्था!" तो ओरडला. असा ओरडला की पुढच्या तीन रांगा वळून पाहू लागल्या. "पिस्तूल! तिसरी आली आपली पोरगी! पदक मिळालं पिस्तुलात!"

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. खालून रिबेकाने वर पाहिलं आणि दोन्ही हात उंच केले.

फोनवर मात्र नुसता तो खळखळाट येत राहिला. मग तो थांबला. मार्थाने नळ बंद केला होता.