टाचणीचं घर

लागोपाठ दोन रविवार मुलगी आली नाही, तेव्हा फ्रिज दुरुस्त करणाऱ्या बापाचं डोकं फिरलं. तिच्या आईचं दुसरं लग्न त्यानं कसंबसं पचवलं होतं. पण त्या नव्या नवऱ्यानं, चष्मेवाल्यानं, पोरीला हेजहॉग आणून दिला आणि बापाच्या वाट्याचा एकुलता एक दिवसही गिळला! ओंजळीत मावेल एवढा काटेरी जीव, नाव टाचणी.

"तिला थंडी सोसत नाही, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "गारठली की गपगार झोपते, मग उठतच नाही. तिला टाकून कशी येऊ?"

"घेऊन ये. मी घर बांधतो तिला. तुझ्या त्या चष्मेवाल्या काकांनी कशात ठेवलंय?"

"पिंजऱ्यात. खाली तार आहे."

"तारेत पाय अडकतो!" बाप ओरडला, आणि चष्मेवाला चुकला म्हणून त्याला मनापासून आनंद झाला. जळका होताच तो.

जन्मभर लोकांना गारवा पुरवणाऱ्या त्या माणसानं एक मेलेला फ्रिज आडवा केला. ऊब धरायला त्याच्या भिंती एक नंबर. दाराऐवजी सरकती काच, हवेला दोन्हीकडे भोकं, तळाला मऊ कापड, वर जाळीआड बिनउजेडाचा हीटर आणि ऊब पंचवीस अंशांवर राखणारा थर्मोस्टॅट. मागचा कॉम्प्रेसर मात्र त्यानं काढला नाही. उपयोग शून्य, पण वजन! घर इथून हललं नाही तर पोरगी रोज येईल. बसू दे चष्मेवाल्याला हात चोळत.

रविवारी टाचणी कापडात शिरली, काटे अंगालगत मिटवून निवांत पसरली. मुलगी काचेला नाक लावून हसली. बापाला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी चष्मेवाला न्यायला आला. मुलीनं घर ओढून पाहिलं. "हलत नाही रे, बाबा."

"मग राहू दे इथेच. तू येत जा रोज."

"शाळा सुटल्यावर एवढ्या लांब?" तिनं काचेतून आत पाहिलं. "बरं. तुझ्याकडेच ठेव तिला. इथे ऊब आहे." आणि टाचणीची खाण्याची वाटी तिनं बापाच्या हातात दिली. ओठ घट्ट मिटलेले.

चष्मेवाला फ्रिजच्या मागे वाकून बघत होता. "हा कॉम्प्रेसर लागतो का हिला?"

थाप मारणं सोपं होतं.

"नाही," बाप म्हणाला. "घर हलू नये म्हणून ठेवला."

त्यानं मान खाली घालून पाना घेतला, बोल्ट काढले, ते लोखंड जमिनीवर आदळलं.

"धरा तिकडून," तो चष्मेवाल्याला म्हणाला.

मुलीनं टाचणीला स्वेटरमध्ये घेतलं. "मग रविवारी मी येते, बाबा. आता या उबेत तिला घरी एकटी ठेवता येईल ना!"

हे बापाच्या डोक्यातच आलं नव्हतं.