क्रांतीचा न भिजणारा दाखला

मित्रांनो, मी एक जुना लॅमिनेटर आहे. तुम्ही ज्याला लॅमिनेशनचं मशीन म्हणता, तोच मी. उचगावात गुरुसिद्ध यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या काउंटरवर, पेनांच्या डब्याशेजारी मी बसलेला असतो. अंग पत्र्याचं आणि पोटात रबराचे गरम रूळ. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद माझ्या तोंडात सरकवला की तो मागच्या बाजूनं चकचकीत होऊन बाहेर पडतो. पुन्हा त्याला वारा लागत नाही, पाणी लागत नाही, माणसाचा हातही लागत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं एका बाईनं माझ्या पाठीवर ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवली. तपासलं नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली होती. पण त्या चिठ्ठीवर मी ट्रकमध्ये चढलो, दुकानात आलो, विकला गेलो, आणि मला कुणी काही विचारलं नाही. चिठ्ठी असली की पुरे, हे मला जन्मतःच कळलं. माणसांना ते शिकायला विद्यापीठात जावं लागतं.

गुरुसिद्ध यांनी मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिलं काम म्हणून स्वतःचं रेशनकार्ड माझ्यातून काढलं. पुढची वर्षं माझी भरभराटीची. लोकांनी लग्नपत्रिका आणल्या, बक्षीस मिळवलेल्या बैलाचे फोटो आणले, आजोबांच्या हातची सही असलेली पत्रं आणली. एक गृहस्थ घटस्फोटाचा हुकूम घेऊन आले. जाताना म्हणाले, हा आता फाटायला नको. गुरुसिद्धचं मशीन आत बुडबुडा ठेवत नाही, अशी माझी कीर्ती गडमुडशिंगीपर्यंत पोचली होती. मला तिचा अभिमान वाटायचा. कीर्तीचं पुढं काय होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

बारावीचा निकाल लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठात जाऊन बरंच काही सिद्ध करावं लागतं. आपण जन्मलो. शाळेत गेलो. शाळा सोडली. याच राज्यात राहतो. बाप आहे आणि त्याचं नाव हेच आहे. आपलं चारित्र्य चांगलं असून पोलिसांनाही ते मान्य आहे. जिवंत असल्याचा पुरावा तेवढा मागत नाहीत. तो पुढं पेन्शनच्या वेळी मागतात.

अशाच एका जुलैत गडमुडशिंगीचे केरबा दुकानात आले. दोन म्हशी, थोडा ऊस, आणि दूध डेअरीत असं नाव की केरबाच्या कॅनमध्ये कुणी दुधातलं पाणी तपासायची नळी घालत नसे. त्यांची मुलगी क्रांती. विद्यापीठात दुग्धतंत्रज्ञान नावाचा नवा अभ्यासक्रम निघाला होता, त्यात तिचा नंबर लागला होता. त्या घरातून बारावीच्या पुढं जाणारी ती पहिली. केरबांच्या हातात तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता, कॉलेजातून नुकताच आणलेला, शाई ताजी. त्यांच्या स्वतःच्या दाखल्याला वाळवी लागली होती. लेकीच्या बाबतीत तसं घडू द्यायचं नाही, असं ठरवूनच ते आले होते.

गुरुसिद्ध म्हणाले, ही मूळ प्रत आहे, हिची झेरॉक्स काढून ती लॅमिनेट करू या.

केरबा म्हणाले, “खऱ्याला सोडून खोटं कशापायी जपू? हाच घाल. जाड पाकिटात घाल.”

मी दाखला घेतला आणि सोडला. एकही बुडबुडा नव्हता. केरबांनी तो दोन्ही हातांवर घेऊन उन्हात धरला आणि लेकीला चकित करायला घरी गेले.

क्रांती खरोखरच चकित झाली, पण दोन दिवसांनी, विद्यापीठाच्या पडताळणीच्या खिडकीपाशी. तिथल्या मॅडम दाखल्याच्या पाठीमागं ‘प्रवेश दिला’ असा शिक्का मारतात आणि दाखला ठेवून घेतात. त्यांनी शिक्का मारला. शाई प्लास्टिकवर तेलासारखी पसरली. त्यांनी बोटानं पुसली, पुन्हा मारला, पुन्हा पुसली. मग बोटाकडं बघत म्हणाल्या की शिक्का बसत नाही, तर प्रवेशही बसत नाही. साधा दाखला आणा. शुक्रवारपर्यंत आणला नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल.

ती तशीच दुकानात आली. मागोमाग केरबा. गुरुसिद्ध मूळचे कर्नाटकाच्या सीमेकडचे, ओळखीच्या पोरींना ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. म्हणाले, तंगी, रडू नको, बघू या. त्यांनी ब्लेडनं एक कोपरा उचकटला. प्लास्टिकबरोबर प्राचार्यांच्या सहीचं शेपूट निघून आलं. तिघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? दोष माझा नव्हता. मी माझं काम उत्तम केलं होतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

मग कॉलेज. तिथले हेडक्लार्क गणपतराव हे नियमाला अतिशय जपणारे गृहस्थ. ते म्हणाले की दाखल्याची दुय्यम प्रत देता येते, पण मूळ दाखला हरवला तरच. हा तर समोर आहे. इतका शाबूत दाखला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मात्र जाता जाता त्यांनी वाटही सांगितली. पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा, स्टॅम्प पेपरवर तसं लिहून आणा, दुसऱ्या दिवशी प्रत देतो. सगळे तसंच करतात.

स्टॅम्प पेपरवरचा मजकूर टाइप करायला दोघं पुन्हा आमच्याच दुकानात आली. गुरुसिद्ध यांनी टाइप केलं: माझ्या मुलीचा दाखला गहाळ झाला असून शोध घेऊनही सापडला नाही. केरबांनी वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“हातात हाय की,” ते म्हणाले. “हातात असताना हरवला म्हणू?”

“आबा, सगळे म्हणत्यात,” क्रांती म्हणाली.

“सगळे दुधात पाणी बी घालत्यात.”

गुरुसिद्ध म्हणाले, पाणी घातल्यानं दूध घेणाऱ्याचं नुकसान होतं, इथं कुणाचं होतंय? केरबांना उत्तर सुचलं नाही, पण त्यांनी सहीही केली नाही. ज्या माणसाला उत्तर सुचत नाही आणि तरीही तो ऐकत नाही, त्याला आपल्याकडं तत्त्वाचा माणूस म्हणतात.  क्रांतीनं टाइप केलेला कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध घालून केरबा परस्पर कुठंतरी गेले आणि तिथून थेट दुकानात आले. क्रांती तिथं आधीच येऊन बसली होती, बापाचं मन वळवायला गुरुसिद्ध काही करतील या आशेवर.

“आण त्यो कागद,” केरबा म्हणाले. “आता हरवला.”

“कुठं हरवला?” गुरुसिद्ध यांनी विचारलं.

“पंचगंगंत टाकला. पुढं कुठं गेला मला म्हाईत न्हाय. म्हंजी हरवलाच की.”

क्रांतीनं पिशवीतला कागद काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, “टाकायच्या आधी मला इच्चारायचं तरी, आबा.”

“इच्चारलं असतं तर तू नगं म्हणाली असतीस.”

त्यांनी सही केली. मन स्वच्छ, अक्षर ठसठशीत. पोलिसांत नोंद झाली. गणपतरावांनी शब्द पाळला आणि लाल शाईत ‘दुय्यम प्रत’ असं लिहिलेला साधा कागद दिला. विद्यापीठातल्या मॅडमनी शिक्का मारला, तो पहिल्या झटक्यात बसला. चारित्र्याच्या दाखल्याचा अर्जही पोलिसांकडं गेला. क्रांती वर्गात जायला लागली. एकदा दुकानात येऊन तिनं गुरुसिद्धांना दुधातले स्निग्धांश मोजायची नवी रीत समजावून सांगितली. ते मान डोलवत होते. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यांना बरं वाटत होतं. मलाही.

आता माझ्या कारागिरीचं फळ ऐका. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. तिनं दाखला वाहून नेला, पण बुडवला नाही, भिजवला नाही, फाडलाही नाही. इचलकरंजीच्या घाटाजवळ गाळात अडकलेला तो कबनूरच्या वीरेश नावाच्या यंत्रमाग कामगाराला सापडला. त्यानं तो धुतला. नाव, गाव, जन्मतारीख, सगळं लखलखीत. कुणाच्या तरी लेकीचं आयुष्य नदीत वाहून चाललंय असं त्याला वाटलं. कारखान्यातली पाळी चुकवून तो दाखल्यावर छापलेल्या कॉलेजात स्वतः गेला. चांगल्या माणसाला अडवणारी एकही यंत्रणा आपल्याकडं नाही. प्राचार्यांनी त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. पेपरात फोटो आला, दाखल्यासह. माझं काम पहिल्यांदाच छापून आलं.

गणपतरावांनी त्याच दिवशी विद्यापीठाला पत्र लिहिलं: मूळ दाखला सापडल्यामुळं दुय्यम प्रत रद्द समजावी. स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्रात तशी ओळ होतीच. म्हणजे खरा दाखला होता, त्यावर शिक्का बसत नव्हता. आणि ज्यावर शिक्का बसला होता, तो आता दाखला नव्हता.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी क्रांतीला बसवलं, पाणी दिलं आणि मार्ग सांगितला. दाखला खरंच चुकून हरवला होता, एवढं पोलिसांकडून लिहून आणा. मग मूळ दाखला निकामी धरून दुय्यम प्रत चालू ठेवू.

चौकीतल्या हवालदारांकडं तिच्या चारित्र्याचा अर्ज पडूनच होता. त्यांनी केरबांना बोलावलं. गुरुसिद्ध सोबत गेले होते, आणि तिथं जे घडलं ते त्यांनी दुकानात परत आल्यावर शटरला टेकून सांगितलं. हवालदारांनी चहा मागवला होता. ते म्हणाले होते, “मामा, पुलावरनं जाताना वाऱ्यानं उडाला, असं लिवतो. तुमी निस्ती सही करा.”

आणि केरबा म्हणाले होते, “वारं न्हवतं. मी टाकला.”

हवालदारांनी पेन थांबवून पुन्हा विचारलं. केरबांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, कदाचित त्यांना कमी ऐकू येतं असं वाटून. मग हवालदारांना तेच लिहावं लागलं. जाणूनबुजून टाकलेला दाखला गहाळ झाला म्हणून शपथेवर सांगितलं, असा त्याचा अर्थ झाला. विद्यापीठानं क्रांतीचा प्रवेश रद्द केला. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. तिचे कागद साधे होते.

केरबा दुकानाच्या पायरीवर बसले होते. क्रांती त्यांच्यासमोर उभी राहिली. ती ओरडली नाही.

“खरं बोलायला माझीच सीट घावली व्हय तुमास्नी?”

केरबा म्हणाले, “खोटं जमत न्हाय गं मला.” आणि खरं सांगतो मित्रांनो, त्या वेळी माझाही त्यांच्यावर विश्वास बसला.

पुढच्या आठवड्यात दोघं विद्यापीठाला द्यायच्या विनंती अर्जाच्या झेरॉक्स काढायला आली होती. उपयोग नव्हता, पण अर्ज केल्याशिवाय उपयोग नाही हे सिद्ध होत नाही. तेवढ्यात एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात शिरला आणि गडमुडशिंगीच्या केरबांचं घर कुठं, असं विचारू लागला. तो वीरेश होता. शाल मिळाली होती, फोटो आला होता, पण ज्या पोरीचा दाखला, तिला भेटल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

केरबा उठून उभे राहिले. “या पावणं, मीच की त्यो.”

वीरेशनं आधी त्यांचे पाय धरले. मग क्रांतीकडं बघून भीत भीत विचारलं, “झालं न्हवं ताईंचं ॲडमिशन? म्हटलं दाखल्याबिगर अडलं असंल. मी जरा उशीर केला काय?”

गुरुसिद्धांचा हात बटणावर थांबला.

“झालं की,” केरबा म्हणाले. “येळंवर आणलासा. तुमी हुता म्हणून झालं.”

“व्हय?”

“तर! दुधाचं शिकत्या. रोज सकाळच्या एसटीनं जात्या. मास्तर लई खूश हाईत तिच्यावर.”

ते थांबत नव्हते. वाचनालय, प्रयोगशाळा, पांढरा कोट, सगळं त्यांनी सांगितलं. कुठंही अडखळले नाहीत. वीरेशचे डोळे भरून आले. क्रांतीनं हातातले अर्ज उलटे करून धरले, एक पेढा घेतला आणि त्याला वाकून नमस्कार केला. तो कबनूरची गाडी गाठायला निघून गेला, तेव्हा त्याच्याइतका सुखी माणूस उचगावात नव्हता.

तो दिसेनासा झाल्यावर क्रांती बापाकडं वळली.

“जमतंय की, आबा, तुमास्नी,” ती म्हणाली, आणि झेरॉक्स तिथंच ठेवून रस्ता ओलांडून गेली.

केरबा अजूनही अधूनमधून दुकानात येतात. गुरुसिद्ध आता मूळ कागद माझ्याजवळ फिरकू देत नाहीत. माझ्यावर कापड पडलेलं असतं आणि कापडावर पेनांचा डबा. मला त्याचं फार दुःख नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी तुम्हाला निगा राखायला सांगायची असते. मी सांगणार नाही. निगा राखणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. एवढंच करा: कुणाचं काही जपायला घ्याल, मग तो कागद असो, नाव असो की आपलं खरेपण असो, तर ज्याचं आयुष्य त्यात गुंडाळलं जाणार आहे, त्याला आधी विचारा. न विचारता जपणं हे माझं काम आहे. यंत्राला ते शोभतं.