नजीराच्या हातून पडलेली घागर

लालबीचं लग्न झालं ते सन १८९७ साली. कल्हईवाल्या लालासाबनं थोरल्या लेकीसाठी घेतलेली भांडी तिच्याबरोबर उचगावला गेली. एक घागर तेवढी गाडीत मावेना, म्हणून मागं राहिली. मित्रांनो, ती जुनी तांब्याची घागर मीच.

त्या लग्नात धाकट्या नजीरानं हळदीची गाणी म्हटली. आवाज इतका उंच, की गल्लीच्या टोकाला माणसं थबकली. पुढच्याच वर्षी तिला घटसर्प झाला. जीव वाचला, पण चुलत बहिणीच्या हळदीत तिनं तोंड उघडलं आणि आतून जाड, घोगरा आवाज आला. बायकांचे हात हळदीतच राहिले.

"अगं बया! बायकांत ह्यो कोन गडी शिरला?" मलिकामावशी म्हणाली आणि सगळा मांडव हसला.

नजीरानं गाणं सोडलं. बोलणंही जवळजवळ सोडलं. मी रोज तिच्या कमरेवर असायचे. पाणी आणताना तिच्या तोंडून हूं की चूं निघत नसे.

एका सकाळी मी रिकामी होते. ती माझ्या तोंडाशी वाकली आणि हळूच गुणगुणली. काय सांगू! माझ्या अंगभर काहीतरी घुमलं. माझ्या पोटात आवाज आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. नजीरानं दचकून मला सोडून दिलं. दगडावर आपटून मला हा पोचा पडला.

"अब्बा, घागरीत कोनतरी हाय!"

"तूच हाईस की, येडे," भाता न थांबवता लालासाब म्हणाला.

मग ती रोज गाऊ लागली. उंच गेली की मी गप्प. खाली, जाड सुरावर आली की मी घुमायचे. आवाज मेला नव्हता, खाली राहायला गेला होता. पुढच्या हळदीत ती त्याच सुरात गायली. कुणी हसलं नाही. मलिकामावशी हळदीची वाटी धरून तशीच बसली. "पुन्ना म्हन," एवढंच बोलली.

मग एक दिवस गल्लीतली धोंडुबाई आपल्या लेकीला, तानाबाईला, घेऊन आली. "हिचा गळा फाटका हाय. भजनातनं उठवत्यात पोरीला. तू शिकव."

तानाबाई माझ्यात तोंड घालून गायली, रडली, पुन्हा गायली. मी गप्पच. मला वाटलं, हिला आवाजच नाही. तेवढ्यात नजीरानं मला उचलून चक्क उपडी घातली!

"ही माझी घागर. तुजं भांडं दुसरं असंल. हुडक."

अंगणभर लोकांची कल्हईला आलेली भांडी. पोरीनं पातेली, डेचक्या सगळ्यांत गाऊन पाहिलं. शेवटी एक तांब्या खणखणीत बोलला. त्याची मालकीण दारात उभी होती.

"आमच्या तांब्यात तोंड घालतीस?"

"आता भट्टीतच जातोय की, काकी," लालासाब म्हणाला. "आतला इस्तू कुनाची जात इचारतोय?"

मी उपडी पडून ऐकत होते. इतके दिवस माझाच सूर खरा, असं धरून बसले होते मी!

त्यानंतर शिकायला येणारी प्रत्येक पोर आधी आपलं भांडं हुडकायची. भांड्यात डोकी घातलेल्या पोरी बघून रस्त्यानं जाणारे तोंडं वासून उभे राहायचे. आता तानाबाई शिकवते आणि मी तिच्या घरामागच्या परड्यात असते.

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, पण माझा पोचा ठोकून काढू नका. आणि कुणाचा आवाज घोगरा निघाला, तर हसण्याआधी त्याला त्याचं भांडं हुडकू द्या.

लालासाब सन १९१४ साली वारला. नजीरा सन १९२१ साली, मोहरमच्या आदल्या आठवड्यात वारली.